आज किती फूट

दहा चाळीसची वेळ बाळगोंडा मगदुमांची.
लघवी करून यायचं, चप्पल बाहेर, करदोडा सैल,
बेंबीखाली एक, दोन्ही कुशींना एकेक
असे गोंदलेले ठिपके
लेझरच्या हिरव्या रेघेत आणून पडायचं,
एवढं त्यांना आता पाठ आहे.
मी खोलीबाहेर निघाले की विचारतात,
"ताई, आज किती फूट?"

एकतीस वर्षं त्यांनी आयर्विन पुलाखाली
कृष्णेची पातळी वाचली.
सकाळी पायऱ्या उतरायच्या, खांबावरचा आकडा वहीत घालायचा,
पावसाळ्यात दर तासाला, बॅटरी घेऊन.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
सत्तावन्न आले तेव्हा ते निवृत्त होते,
तरी गच्चीवरून मोजत होते.

मी आटपाडीची. आमच्याकडं पाणी
टँकरच्या खेपांत मोजायचं.
नदी मला त्यांनी शिकवली.
मी त्यांना पडद्यावर त्यांचं मूत्राशय दाखवलं,
तर म्हणाले, "म्हणजे जलाशयच की. धरण म्हणा."
डाव्या भिंतीतून गाठ खरवडून काढलेली,
मागं काही उरलं असेल
म्हणून हे बत्तीस दिवस.

पूर्वी एकच नकाशा असायचा.
पहिल्या दिवशी काढायचा, भोवती भरपूर जागा राखून,
पिशवी कितीही फुगली तरी आत राहावी.
शेजारी म्हणून आतडी भाजायची.
हे ऐकून मगदूम उठूनच बसले:
"लाल रेष! निळी रेष!
हापिसात बसून आखली पूररेषा,
नदीनं कधी वाचली न्हाई."

आता आराखडे तीन: लहान, मध्यम, मोठा.
यंत्र आधी एक सावकाश फेरी मारतं,
आजची पिशवी उमटते,
तिला बसेल तो आराखडा मी निवडायचा.
रिकामी करून आले तरी ती कालची नसते.
मगदूम उकळलेलं पाणी पितात, तेही सूर्यास्ताआधी,
म्हणून त्यांचं बहुतेक 'लहान'.

सतराव्या दिवशी अडलं.
मध्यमच्या पिवळ्या रेघेला
पिशवीचा वरचा काठ टेकलेला.
आत का बाहेर, सांगता येईना.
डॉक्टर शिकलगार फोन उचलेनात.
माझा हात 'मोठा'वर गेला:
चुकायचंच तर सावधपणात चुकावं.
मग त्यांनीच सांगितलेलं आठवलं,
रात्री दोनला लाटांत आकडा दिसेना,
साहेब म्हणाले, वरचा लिहून टाक.
"वरचा लिवला की खालची अख्खी गल्ली उठतीय, ताई.
म्हाताऱ्या, म्हशी, बाळंतिणी.
शंका आली की परत पायऱ्या उतरायच्या."

माइकवर म्हटलं, "काका, उठा. परत जाऊन या."
सात मिनिटं गेली. बाहेर चौघं खोळंबले,
एका बाईंचा मुलगा घड्याळ दाखवून बोललाही.
परत फोटो.
काठ आणि रेघ यांच्यामधे
नखाएवढी जागा.
मध्यम.
दार बंद, दिवा लाल, आत ते एकटे,
आणि त्या दोन मिनिटांतही
थेंब थेंब भरणं चालूच.

बत्तिसाव्या दिवशी त्यांनी भडंग आणली,
जयसिंगपूरची, बिनलसणाची, सगळ्यांना पुरेल इतकी.
तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघतील.
तोवर कुणालाच माहीत नाही.
मी काहीतरी धीराचं बोलायला गेले तर म्हणाले,
"अंदाज सांगणारा माझा हुद्दा न्हवता.
मी वाचणारा."

दहा चाळीसला आता कुपवाडच्या एक बाई येतात.
काही विचारत नाहीत.

काल घरी जाताना स्कूटर पुलावर लावली,
कठड्यावरून वाकले.
शेवाळ, कुणाचं तरी निर्माल्य,
खांबावर पांढरे आकडे.
एकदा वाचला, खात्री होईना,
परत वाचला.
अकरा.
मागं ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.